रत्नागिरी ११२२ : तक्ता बरोबर, शीर्षक चुकलेलं

जगबुडी

नमस्कार मंडळी. मी खेड तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. दहावीच्या गणित भाग १ मधलं शेवटचं प्रकरण सांख्यिकीचं. मध्य, मध्यक, बहुलक, आयतालेख, वारंवारता बहुभुज, वृत्तालेख. हक्काचे गुण देणारं प्रकरण म्हणून मुलं खूश असतात. सूत्रात किमती घाला, कोनमापक लावा, झालं. आलेख काढून झाल्यावर तो काय सांगतोय आणि काय सांगत नाही, हे मात्र आम्ही जवळजवळ कधीच विचारत नाही. गेल्या आठवड्यात त्याचं फळ समोर आलं, म्हणून हा धागा.

दहावीतल्या एका मुलीने तालुक्याच्या प्रदर्शनासाठी तक्ता केला. २०११ च्या जनगणनेतलं लिंग गुणोत्तर, म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया. जिल्ह्यांचा स्तंभालेख. सगळ्यात उंच स्तंभ रत्नागिरीचा, ११२२. त्याच्या शेजारी सिंधुदुर्ग, १०३६. शेवटचा मुंबई शहराचा, ८३२. प्रमाण बरोबर, रंग नीट, स्तंभांमधलं अंतर सारखं. वर लाल स्केचपेनने ठसठशीत लिहिलं होतं : ‘मुलींचे स्वागत करण्यात रत्नागिरी राज्यात पहिली’.

शिक्षकखोलीत सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. संध्याकाळी तिच्याशी बोलताना सहज विचारलं, घरी कोण कोण असतं गं? म्हणाली, “आई, आजी, मी आणि धाकटा भाऊ. बाबा आणि काका विरारला असतात. गणपतीला येतात, शिमग्याला जमलं तर.”

तिथे मी थबकले. जनगणनेचे मूळ आकडे काढून बसले. रत्नागिरी जिल्ह्यात पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८. फरक ९२,८२७. हे ब्याण्णव हजार म्हणजे जास्त जन्मलेल्या मुली नव्हेत. हे तिचे बाबा आणि काका आहेत, जे त्या स्तंभात नाहीत. जिल्ह्यातल्या ० ते ६ वयाच्या मुलांचं गुणोत्तर पाहिलं तर ते हजाराच्या वर नाहीच, साडेनऊशेच्याही खाली आहे.

आकडे तिचे बरोबर, आलेख बरोबर, शीर्षक चूक. आता मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, तिचा उत्साह न मारता हे तिच्यापर्यंत कसं पोचवू? दोन, आकडा आणि त्याचा अर्थ यातलं हे अंतर दाखवणारी खरी, ठोस उदाहरणं वर्गासाठी सुचवा. ‘आईस्क्रीमचा खप आणि बुडून मृत्यू’ नको. ते मुलं पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात.

भीमाकाठ

ताई, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. मी सरकारी सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झालो, तीस वर्षं तक्तेच जुळवले. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच प्रश्न शिकवायचो : छेदात कोण आहे?

गुणोत्तर दोन वाटांनी वाढतं. अंश वाढला की वाढतं, छेद घटला की वाढतं. उत्तर तेच दिसतं, पण गोष्ट अगदी उलटी असते. रत्नागिरीत छेद घटलाय. तो गेलाय कुठे, हे त्याच जनगणनेत सापडतं. मुंबई शहर जिल्ह्यात पुरुष १६,८४,६०८ आणि स्त्रिया १४,००,८०३. तिथे पुरुष दोन लाख त्र्याऐंशी हजारांनी जास्त. अर्थात ते सगळे काही कोकणातले नव्हेत, देशभरातून आलेले आहेत. पण रत्नागिरीचा उंच स्तंभ आणि मुंबईचा बुटका स्तंभ एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. तुमच्या विद्यार्थिनीने ते दोन्ही एकाच तक्त्यावर काढलेत, फक्त त्यांच्यामधला धागा ओढायचा राहिलाय.

मोजणीची वेळही मुलांना सांगा. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि संदर्भ धरला १ मार्चचा. त्या वर्षी शिमगा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होता. म्हणजे गावं भरायच्या आधी गणना उरकली. अर्थात माणूस जिथे नेहमी राहतो तिथेच त्याची नोंद होते, त्यामुळे पालखीला आलेला चाकरमानी तसाही रत्नागिरीच्या खात्यात धरला गेला नसता. पण ‘आकडा कुठल्या दिवसाचा’ हा प्रश्न मुलांना कोकणात जितका चटकन कळेल तितका दुसरीकडे कळणार नाही.

आणि हे काही २०११ पुरतं नाही. २००१ मध्ये रत्नागिरीचं गुणोत्तर ११३६ होतं. सिंधुदुर्ग १९८१ च्या १ मे रोजी वेगळा झाला, त्याआधीच्या एकत्र जिल्ह्याचीही हीच तऱ्हा. मनीऑर्डरवर चालणारं कोकण म्हणायचे ते यालाच.

न्यूजडेस्क_रात्रपाळी

मी एका दैनिकात आलेख करतो. नाव सांगत नाही, पण अशा शीर्षकाचा आलेख आमच्याकडून छापून गेलेला आहे. मजकूर वेळेत लावायच्या घाईत ‘सर्वाधिक’ शब्द दिसला की बोटं आपोआप अभिनंदनाचं शीर्षक टाइप करतात. दुसऱ्या दिवशी गुहागरहून एका वाचक आजींचं पत्र आलं होतं. त्यांनी फक्त त्यांच्या वाडीतल्या कुलूपबंद घरांची यादी लिहिली होती. ते पत्र मी अजून टेबलाच्या खणात ठेवलंय.

पायथा

मी पुण्यात डेटावर काम करते. तुमचा धागा वाचून रात्री बसले आणि एक प्रयोग केला, तो जसाच्या तसा वर्गात नेता येईल. लिंग गुणोत्तराच्या शेजारी साक्षरता ठेवली. दोन्ही आकडे २०११ चे, अंतिम. तेव्हा पालघर ठाण्यातच होता.

जिल्हा | साक्षरता (टक्के) | लिंग गुणोत्तर
मुंबई उपनगर | ८९.९१ | ८६०
मुंबई शहर | ८९.२१ | ८३२
पुणे | ८६.१५ | ९१५
ठाणे | ८४.५३ | ८८६
गडचिरोली | ७४.३६ | ९८२
नंदुरबार | ६४.३८ | ९७८

या सहा जिल्ह्यांचा सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन आकडे किती जोडीने चढतात-उतरतात ते सांगणारा आकडा, काढला तर येतो उणे ०.८९. पूर्ण उलट संबंध उणे १ असतो, त्यामुळे हा फारच दणदणीत आकडा झाला. कुणीही म्हणेल, साक्षरता वाढली की बायका कमी होतात. शिक्षणाने मुली नकोशा होतात, असा लेखही कुणी यावर लिहील.

आता खाली दोनच ओळी जोडा.

सिंधुदुर्ग | ८५.५६ | १०३६
रत्नागिरी | ८२.१८ | ११२२

आठ जिल्ह्यांचा गुणांक : उणे ०.३९.

दोन ओळींनी दणदणीत संबंध लेचापेचा झाला. आधीचे सहा जिल्हे मी मुद्दाम निवडले होते, हे कबूल. पण मुद्दाम न निवडताही माणसं असंच निवडतात. ज्या जिल्ह्यांची नावं पटकन आठवतात, त्यांचेच आकडे गोळा करतात.

उणे ०.८९ सुद्धा खोटा नाही. त्या सहा ओळींपुरता तो खराच आहे. फक्त त्याचं कारण साक्षरतेत नाही. मुंबई-ठाणे-पुण्यात काम आहे, म्हणून बाहेरचे पुरुष तिथे येतात आणि छेद फुगतो. शहर आहे, शाळा-कॉलेजं जवळ आहेत, म्हणून तिथे साक्षरताही जास्त. एकच मूळ आणि त्याला दोन फांद्या. फांद्या एकाच वेळी हलतात, म्हणून एक दुसरीला हलवते असं होत नाही.

वरंधा

पायथा, साक्षरतेच्या आकड्याचा छेद कोणता? पूर्ण लोकसंख्या का?

भीमाकाठ

वरंधा, उत्तम प्रश्न. नाही. सात वर्षं पूर्ण झालेली लोकसंख्या. तान्हं बाळ निरक्षर म्हणून मोजत नाहीत. कुणी साक्षरांची संख्या एकूण लोकसंख्येने भागली तर टक्का बराच खाली येतो, आणि ज्या जिल्ह्यात लहान मुलं जास्त तिथे आणखी खाली. दोन तक्त्यांत साक्षरता वेगळी दिसली की भांडण्याआधी तळटीप वाचायची.

ताई, तुमच्या विद्यार्थिनीचा तक्ता तपासताना हेही बघा की सगळे आकडे एकाच प्रसिद्धीतले आहेत ना. २०११ चे आकडे दोनदा आले. आधी हंगामी, मग अंतिम. महाराष्ट्राचं ० ते ६ वयोगटातलं गुणोत्तर हंगामी आकड्यांत ८८३ होतं, अंतिम ८९४. जालावर दोन्ही फिरतात. एका रकान्यात हंगामी आणि शेजारी अंतिम असला की अकरा अंकांची ‘घट’ किंवा ‘वाढ’ जागच्या जागी जन्माला येते. तक्त्याखाली वर्ष, स्रोत, एकक आणि हंगामी की अंतिम, एवढं लिहिलेलं नसेल तर माझ्यापुरता तो तक्ता अर्धा.

शेंद्रीमाळ

हे सगळं मान्य, पण जरा वेगळं बोलतो. मी शेतकरी आहे, ग्रामपंचायतीत सदस्य होतो. एवढ्या शंका काढत बसलं तर सामान्य माणूस आकड्यांवर विश्वासच ठेवणार नाही. ‘आकड्यांनी काहीही सिद्ध करता येतं’ म्हणून हात झटकणं सोपं जातं. आमच्याकडे दुष्काळाची आणेवारी लागते ती आकड्यांवरच. मुलांना शंका शिकवताय, तसा विश्वास कधी शिकवणार?

पायथा

दादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी खूप लोकांना आकड्यांवर चिडलेलं पाहिलंय आणि ती चीड बहुतेक वेळा खरी असते. पण रत्नागिरीचंच घ्या. ११२२ वर शंका घेतल्याने तो आकडा मेला नाही, उलट जास्त बोलका झाला. आधी तो एक खोटी शाबासकी देत होता. आता तो ९२ हजार रिकाम्या जागा दाखवतोय. कुठल्या गावात शेतीला हात नाहीत, कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, याचा शोध तिथून सुरू होतो.

न्यूजडेस्क_रात्रपाळी

माझ्या धंद्यातला एक जुना वाद इथे मांडतो, कारण तो मला आजही पूर्ण सुटलेला नाही.

महाराष्ट्रातलं ० ते ६ वयोगटाचं गुणोत्तर : १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. याचा स्तंभालेख कसा काढाल? नियम सांगतो, स्तंभ शून्यापासून सुरू करा. स्तंभ म्हणजे लांबीची तुलना, पाय कापला की लांबी खोटी होते. उभा अक्ष ८८० पासून सुरू केला तर २००१ चा स्तंभ ३३ घरं उंच आणि २०११ चा १४. वाचकाला वाटणार मुली निम्म्याहून कमी झाल्या. हे खोटं आहे.

पण शून्यापासून काढा बरं. तिन्ही स्तंभ जवळजवळ सारखे. ९४६ आणि ८९४ मधला फरक साडेपाच टक्के, तीन इंची स्तंभात तो जेमतेम चार मिलिमीटर. वाचक पान उलटतो. त्या चार मिलिमीटरमध्ये न जन्मलेल्या मुली आहेत. नियम पाळून मी त्यांना लपवलं. हेही मला खोटंच वाटतं.

पायथा

शून्य म्हणजे काय, ते आधी ठरवा. या गुणोत्तरात शून्याला काही अर्थच नाही. कुठल्याही समाजात ते शून्याच्या जवळपासही जात नाही. निसर्गतः मुलगे थोडे जास्त जन्मतात, म्हणून कुणी ढवळाढवळ केली नाही तर हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली दिसतात. आपल्याला सांगायची आहे ती तूट. मग तुटीचाच स्तंभ काढा :

१९९१ : ४
२००१ : ३७
२०११ : ५६

आता स्तंभ शून्यापासूनच सुरू होतो आणि शून्याला अर्थही आहे : काहीही तूट नाही. नियमही पाळला आणि मुलीही दिसल्या. फक्त तळाशी ठळक लिहा की ९५० हे साधारण धरलेलं प्रमाण आहे, मोजलेला आकडा नाही. कुणी ९४५ धरलं तर १९९१ चा स्तंभ शून्याच्याही खाली जातो. २००१ आणि २०११ ची गोष्ट मात्र तशीच उरते.

नाहीतर स्तंभ सोडाच, ठिपके आणि रेषा वापरा. रेषेत आपण चढउतार वाचतो, लांबी नाही, त्यामुळे तिथे अक्ष मधून सुरू केला तरी चालतं. अक्षावर तसं स्पष्ट दिसलं म्हणजे झालं.

न्यूजडेस्क_रात्रपाळी

तुटीचा स्तंभ. इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं. उद्याच करून बघतो.

ओपीडी_नंतर

मी डॉक्टर आहे. जगबुडीताईंना वर्गासाठी ठोस उदाहरण हवं आहे, तर हे घ्या. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मूतखड्याच्या उपचारांची तुलना आली होती. एक पद्धत पोट उघडून शस्त्रक्रियेची, दुसरी छोट्या छिद्रातून खडा काढायची. दोन्हीत ३५० रुग्ण.

सर्व रुग्ण मिळून : उघडी शस्त्रक्रिया ३५० पैकी २७३ यशस्वी, ७८ टक्के. छिद्रातून ३५० पैकी २८९, ८३ टक्के.

मुलांना इथे थांबवा आणि विचारा, तुमच्या आजोबांसाठी कुठली निवडाल? सगळे दुसरी म्हणतील. मग खड्याच्या आकाराप्रमाणे फोडलेला तक्ता फळ्यावर लिहा.

लहान खडे : उघडी ८७ पैकी ८१, ९३ टक्के. छिद्रातून २७० पैकी २३४, ८७ टक्के.
मोठे खडे : उघडी २६३ पैकी १९२, ७३ टक्के. छिद्रातून ८० पैकी ५५, ६९ टक्के.

लहान खड्यातही उघडी शस्त्रक्रिया सरस, मोठ्या खड्यातही तीच सरस. बेरीज केली की मात्र तीच मागे. बेरजेत चूक नाही, मुलांना करून बघू द्या. कारण पुन्हा छेदातच आहे. अवघड रुग्ण, म्हणजे मोठे खडेवाले, बहुतेक उघड्या शस्त्रक्रियेकडे गेले : २६३. सोपे रुग्ण दुसरीकडे : २७०. एकूण टक्केवारी उपचारापेक्षा कुणाकडे कसला रुग्ण आला तेच जास्त सांगत होती.

मी निवासी डॉक्टर असताना ज्या रुग्णालयात होतो तिथे विभागवार मृत्युदराचा तक्ता भिंतीवर लागायचा. जिल्हाभरातून अगदी शेवटच्या घटकेला पाठवलेले रुग्ण आमच्या विभागात यायचे आणि आमचा आकडा दर महिन्याला सगळ्यात वाईट. त्या तक्त्याखाली उभं राहून एका परिचारिकेला रडताना पाहिलंय. तेव्हा मला हे उदाहरण माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याच दिवशी भिंतीवर दुसरा तक्ता लावला असता.

शेंद्रीमाळ

डॉक्टर, हे उदाहरण माझ्या मुलीला समजावून दिलं. तिने तीनदा बेरीज केली. पटतच नव्हतं तिला. मग स्वतःच म्हणाली, “म्हणजे आमच्या वर्गात गणिताचा पेपर अवघड असलेल्या तुकडीची सरासरी कमी येणारच.”

सातासमुद्रा

बरेच दिवसांनी लिहितोय. मी अमेरिकेत अभियंता आहे. तुम्ही सगळे तक्त्यात काय आहे ते बोलताय, मला जे गाळलं जातं त्याबद्दल सांगायचंय.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच विखुरलं, सात अंतराळवीर गेले. बूस्टरच्या, म्हणजे यान वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यातल्या रबरी कड्या, ज्यांना ओ-रिंग म्हणतात, थंडीत कडक झाल्या आणि गरम वायू बाहेर आला. आदल्या रात्री फोनवर लांबलचक बैठक झाली होती. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना थंडीची भीती होती, त्यांनी सुरुवातीला नको म्हटलं होतं. त्यांच्याकडे तक्ते होते. पण ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली, त्यांच्याकडेच लक्ष गेलं. त्यांत सगळ्यात थंड ५३ अंश फॅरनहाइटचं होतं आणि एक तर ७५ अंशांचं. थंडीतही इजा, उबेतही इजा. मग तापमानाचा संबंध कुठे दिसतो?

जी उड्डाणं सुखरूप झाली, ती त्या चित्रात नव्हतीच. नंतरच्या चौकशी आयोगाने सगळी उड्डाणं मांडली. ६६ अंश किंवा त्याहून उबदार असलेल्या २० उड्डाणांपैकी तीनमध्ये इजा. ६३ किंवा त्याहून कमी असलेल्या चारच्या चारांत इजा. आणि त्या सकाळी तापमान होतं ३६ अंश, म्हणजे साधारण दोन अंश सेल्सियस. आधीचं कुठलंच उड्डाण त्याच्या आसपासही नव्हतं.

‘इजा नाही’ म्हणजे शून्य. शून्य ही माहिती नाही असं समजून ते बाजूला ठेवलं गेलं. माझ्या टीममध्ये कुणी फक्त बिघाडांची यादी घेऊन आला की मी आधी विचारतो, न बिघडलेले किती होते? नव्या मुलांना ही गोष्ट सांगताना आजही गळा दाटतो. त्या अभियंत्यांना धोका कळला होता. त्यांचा कागद तो दाखवू शकला नाही.

वरंधा

फार सुन्न करणारं. भीमाकाठ काकांचा प्रश्न इथेही लागू. ‘सात उड्डाणांत इजा’ हा अंश झाला, छेद २४ चा होता आणि तो तापमानाप्रमाणे वाटायला हवा होता.

गणितवाल्या मंडळींसाठी एक छोटी भर. १९७३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी अकरा-अकरा जोड्यांचे चार संच दिले होते. चारही संचांत क्ष चा मध्य ९, य चा मध्य ७.५, सहसंबंध गुणांक ०.८१६ च्या आसपास. एकाच मापाचे. चौथा संच तर प्रत्येकाने एकदा तरी हाताने काढावा. क्ष ची किंमत दहा वेळा ८ च. त्यांचे य : ६.५८, ५.७६, ७.७१, ८.८४, ८.४७, ७.०४, ५.२५, ५.५६, ७.९१, ६.८९. अकरावा बिंदू एकटा दूर, क्ष १९ आणि य १२.५०. आलेख कागदावर काढला की दहा ठिपके एका उभ्या रेघेत आणि कोपऱ्यात एक. तो एकटा काढून टाकला तर गुणांक काढताच येत नाही, कारण क्ष बदलतच नाही. सगळा ०.८१६ एका ठिपक्याच्या खांद्यावर उभा आहे. ताई, तुमच्याकडे आलेख कागद असतोच. दहा मिनिटांचं काम.

पायथा

अगदी. आणि माझ्या आठ जिल्ह्यांचे ठिपकेही काढा. नंदुरबार डावीकडे एकटा, रत्नागिरी वर एकटी. चित्र पाहिलं असतं तर उणे ०.८९ लिहायची माझी हिंमतच झाली नसती.

आणखी एक. जिल्ह्यांचा संबंध घरांना लावू नका. ‘जास्त साक्षर जिल्ह्यात गुणोत्तर कमी’ यावरून ‘शिकलेल्या घरात मुली कमी’ असं निघत नाही. माझ्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे लाखो घरांची मोट आहे. घराबद्दल बोलायचं तर घराघरातून गोळा केलेली माहिती हवी.

भीमाकाठ

शेंद्रीमाळ, तुमच्या ग्रामपंचायतीच्या अनुभवाला धरून एक सांगतो. गावोगावच्या जन्मांवरून गुणोत्तर काढून क्रमवारी लावायची टूम मधे आली होती. वरच्या गावाचा सत्कार, तळाच्या गावाला नोटीस. हेतू चांगला होता. पण वर्षाला वीस जन्म होणारं गाव घ्या. आठ मुली आणि बारा मुलगे झाले तर गुणोत्तर ६६७. पुढच्या वर्षी बारा मुली आणि आठ मुलगे, १५००. गावात काहीही बदललेलं नाही, निव्वळ योगायोग. लहान छेद असलेला आकडा असाच हिंदकळतो. म्हणून क्रमवारीत सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची गावं बहुतेक लहानच निघतात. एका सरपंचबाईंना अशी नोटीस आली तेव्हा त्यांनी मला कार्यालयात येऊन विचारलं होतं, “आम्ही केलं काय?” मी पाच वर्षांचे जन्म एकत्र करून दाखवले, गाव तालुक्याच्या सरासरीवर आलं. बीडचं २०११ चं ० ते ६ वयोगटाचं ८०७ मात्र संपूर्ण जिल्ह्याचं आहे, लाखोंच्या छेदावरचं. तिथे योगायोग म्हणून सुटका नाही. कुठल्या आकड्याला घाबरायचं आणि कुठल्याला थोडा वेळ द्यायचा, हे छेदाचा आकार सांगतो.

शेंद्रीमाळ

काका, आमच्याच गावाला आली होती तशी नोटीस, मी सदस्य असताना. आम्ही वर्षभर मान खाली घालून वावरलो. आज कळलं.

जगबुडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

तिला शीर्षक चुकलं असं म्हटलं नाही. भीमाकाठ काकांचा प्रश्न फळ्यावर लिहिला : ११२२ च्या छेदात कोण आहे? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, पुरुष. मी म्हटलं, कुठले पुरुष? तेव्हा तिनेच हात वर केला. “इथे राहणारे. म्हणजे बाबा नाहीत.” मग एकेक जण सांगू लागला. कुणाचे वडील नालासोपाऱ्याला, कुणाचा भाऊ पनवेलला, कुणाचे आजोबा आयुष्यभर गिरणीत होते आणि संपानंतर परत आले. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

मूतखड्याचा तक्ता दुसऱ्या दिवशी दिला, अँस्कमचा चौथा संच आलेख कागदावर काढून घेतला. चॅलेंजर मी स्वतः वाचून सांगितलं, त्यावर प्रश्न अजून येताहेत.

तक्ता तिने नव्याने केला. जिल्ह्यांचा स्तंभालेख तसाच ठेवला, फक्त रत्नागिरी आणि मुंबई शहर हे दोन स्तंभ एका रंगाचे केले. खाली दुसरा आलेख जोडला, वयोगटांचा : मधली उभी रेघ, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. तळाशी लहान मुलांच्या पट्ट्या दोन्हीकडे जवळपास सारख्या, आणि वर कमावत्या वयात डावी बाजू आत चेपलेली. ती चेपलेली जागा तिने रंगवली नाही, कोरी सोडली. खाली वर्ष, स्रोत आणि ‘अंतिम आकडे’ असं लिहिलंय. स्केचपेन पुन्हा लालच. शीर्षक आहे : ‘रत्नागिरीचे पुरुष कुठे आहेत?’

प्रदर्शन येत्या शनिवारी आहे. भीमाकाठ काका, वयोगटांच्या पट्ट्या पाच-पाच वर्षांच्या घेतल्यात. शेवटचा गट ‘८० व त्याहून अधिक’ असा ठेवला तर चालेल ना? त्याची रुंदी बाकीच्यांइतकीच काढलीय.

भीमाकाठ

चालेल. उघडा गट आहे हे पट्टीशेजारी लिहायला सांगा, म्हणजे कुणी पाच वर्षांचा समजणार नाही. आणि शनिवारी तक्त्याचा फोटो इथे टाका.

न्यूजडेस्क_रात्रपाळी

फोटोची मीही वाट बघतोय. गुहागरच्या आजींचा पत्ता माझ्याकडे आहे, त्यांनाही पाठवतो.